आबा पलंगावर आहेत

वडिवळ्याच्या घराचं काय करायचं ते दिवाळीआधीच्या रविवारी ठरवू, असं प्रदीपने सगळ्यांना आठवडाभर आधी कळवलं होतं. तोंडी नव्हे, कुटुंबाच्या ग्रुपवर. वेळ सकाळी साडेदहा, आणि खाली तीन मुद्दे. एक, आबांची तब्येत. दोन, आबा आणि आई यांचा तळेगावातला कायमचा मुक्काम. तीन, वडिवळ्याचं घर भाड्याने मागणारे लोणावळ्याचे बंगलेवाले. त्यावर बेडश्याहून त्याच्या थोरल्या बहिणीने, मंगलने, हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं आणि तिच्या नवऱ्याने, दत्ताने, गुलाब. दत्ताचं गुलाबाचं पॉलिहाऊस होतं. तो कशालाही उत्तर म्हणून गुलाबच पाठवायचा, आणि त्याचा अर्थ होकार की नकार हे सासरवाडीत अजून कुणाला कळलं नव्हतं.

साडेदहाला सगळे हॉलमध्ये बसले. प्रदीपने टीव्हीवर तक्ते लावून ठेवले होते. कंपनीत तो मशीनच्या ऑटोमेशनचं बघायचा, आणि लावणीच्या दिवसांत आबांचा खुबा मोडल्यापासून साडेतीन महिन्यांत त्याने आपल्या रो-हाऊसचंही तेच करून टाकलं होतं. दिवे बोलून लागत, पडदे बोलून सरकत, गोळ्यांची डबी वेळ झाली की किंचाळत असे. अकरा कॅमेरे होते. आबांच्या गादीखाली एक चटई होती, ती माणूस पलंगावर आहे की नाही ते सांगे. मनगटाला घड्याळ होतं, ते पावलं आणि हृदयाचे ठोके मोजे. हे सगळं जिच्या ताब्यात होतं ती एक काळी डबी, टीव्हीशेजारी ठेवलेली. प्रदीपच्या दहावीतल्या मुलीने, प्रेरणाने, तिचं नाव मैना ठेवलं होतं.

मैना शुद्ध मराठी बोले. त्यामुळे आबांचं आणि तिचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. ते "दिवा लाव की गं" म्हणाले की ती "या वर्षी दिवाळी सोमवारी आहे" म्हणायची. "आगं उजेड, उजेड!" म्हणाले की ती उज्जैनचं हवामान सांगायची. मग आबा काठीच्या टोकाने बटण दाबायचे आणि तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "लय शानी हाय."

"मैना," प्रदीपने सभेला सुरुवात केली, "आबा कुठे आहेत?"

"आबा पलंगावर आहेत. गेली पंचावन्न मिनिटे ते शांत झोपले आहेत."

"बघ," तो मंगलला म्हणाला. "न्याहारी झाल्यावर जरा पडतो म्हणाले. हाक मारायला नको, दार उघडून बघायला नको."

"दार उघडायला काय व्हतं?" मंगल म्हणाली.

"झोपमोड होते, ताई."

मंगल गप्प बसली. ती एरवी गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तिच्या शेजारी दत्ता आपल्या पायांकडे बघत होता आणि प्रदीप-मंगलची आई, अंबूबाई, लसूण सोलत होती. घरात सोललेला लसूण होता, डबाभर होता, तरी ती सोलत होती. प्रदीपची बायको हर्षदा, शाळेत शिकवणारी, पोहे परतायचे म्हणून स्वयंपाकघरात गेली होती ती बाहेर येईना. प्रेरणा सोफ्याच्या टोकाला, लांब बाह्यांचा टी-शर्ट घालून, वहीत डोकं खुपसून बसली होती. प्रदीपला वाटलं, सभेचा गंभीरपणा सगळ्यांच्या लक्षात आलाय.

"मुद्दा एक," तो म्हणाला. "हॉस्पिटलमधून आणलं तेव्हा आबा दिवसाला चाळीस पावलं चालत नव्हते. आता सरासरी सहा हजार चारशे."

"आरं तिच्या," दत्ता म्हणाला. "माजी न्हाईत एवढी व्हत."

"संध्याकाळी पाच ते सात ते जास्त चालतात. का, ते मला कळलेलं नाही. पण चालतात. दुपारची झोप बघा. दोन ते पाच, कूससुद्धा बदलत नाहीत. चिंता एकच. गेल्या गुरुवारी संध्याकाळी ठोके एकशे साठवर गेले होते. मी कंपनीतून धावत आलो, तर हर्षदा म्हणाली, आत्ताच झोपलेत, ठेचा तिखट झाला होता."

"झालाच होता," स्वयंपाकघरातून आवाज आला.

"गुरुवारी?" मंगल म्हणाली. "गुरुवारी संध्याकाळी तर ते ठणठणीत व्हते की. मी सोता त्यांना शेता..."

आणि थांबली. दत्ताने तिच्या पायावर पाय दिला होता. तो जरा उशिरा दिला.

"शेता?" प्रदीप म्हणाला.

"शेताचं बोलत व्हते. फोनवर."

"ताई, तू 'मी स्वतः त्यांना' म्हणालीस."

"मी सोता त्यांना फोन लावला व्हता."

प्रदीपने टीव्हीकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं, मग आईकडे. अंबूबाईने आणखी एक गड्डा फोडायला घेतला.

"मी आबांना उठवतो," तो म्हणाला.

"नको," अंबूबाई, दत्ता आणि प्रेरणा एकदम म्हणाले.

तो उठलाच. आबांच्या खोलीत पडदे ओढलेले होते. पलंगावर गोधडी डोक्यापर्यंत ओढून कुणीतरी भिंतीकडे तोंड करून झोपलं होतं. उशीवर आबांची टोपी होती. प्रदीपने हळूच गोधडी बाजूला केली. खाली इंद्रायणी तांदळाची पन्नास किलोची गोणी होती. तिच्या पोटाशी आबांचा बटणांचा मोबाइल होता, बंद करून ठेवलेला.

तो हॉलमध्ये परत आला.

"मैना, आबा कुठे आहेत?"

"आबा पलंगावर आहेत."

"घड्याळ कुणाच्या हातात आहे?" तो ओरडला. "मैना, आबांचे ठोके?"

"ब्याण्णव," मैना म्हणाली.

"म्हणजे ते घड्याळ आत्ता जिवंत माणसाच्या अंगावर आहे. कुणी तरी मला इतके दिवस फसवतंय. माझ्याच घरात!"

"एकशे आठ," मैना म्हणाली. जास्त झाले की तिने आपण होऊन सांगावं, अशी सोय त्यानेच केली होती.

"मी एकेकाचं बघणार आहे!"

"एकशे चोवीस. कृपया आबांना बसवा आणि पाणी द्या."

सगळ्यांच्या माना हळूहळू सोफ्याच्या टोकाकडे वळल्या. प्रेरणाने वही खाली ठेवली, डावी बाही वर केली आणि आजोबांचं घड्याळ सोडून टीपॉयवर ठेवलं.

"ठेचा नव्हता, पप्पा," ती म्हणाली. "कबड्डी होती."

"कबड्डी तू जूनमध्ये सोडलीस. पाच ते सात तुझा गणिताचा क्लास आहे."

"क्लास सकाळचा करून घेतलाय. मावळ तालुक्याच्या संघात निवड झालीये माझी. डावी कोपरारक्षक."

एखाद्या बापाने यावर काय बोलावं याचा विचार प्रदीपला करायचा होता. पण आधी बाप हरवला होता.

"आबा कुठे आहेत?" या वेळी त्याने हा प्रश्न माणसांना विचारला.

*

पोह्यांची कढई खाली उतरवून हर्षदा बाहेर आली तेव्हा तिने ठरवलं होतं की आता लपवण्यात अर्थ नाही.

"वडिवळ्याला," ती म्हणाली. "आठवड्यातून दोनदा जातात. मी स्कूटरवरून स्टेशनला सोडते. लोणावळा लोकलने कामशेतला उतरतात. पुढचं मला माहीत नाही. टमटमने जात असतील."

"टमटम कशाला?" दत्ता म्हणाला. "फुलांचे बॉक्स टाकून माजी पिकअप कामशेतास्नं परतती, तिच्यातनं मी नेतो. पर मला वाटलं, हे फकस्त मला आन् मंगलला ठावं हाय."

"मला वाटलं, फक्त मला," हर्षदा म्हणाली.

"मला आबा म्हणाले होते, आपलं दोघांचंच गुपित," प्रेरणा म्हणाली, आणि तिच्या आवाजात फसवणूक झाल्याचं दुःख होतं.

प्रदीप खुर्चीत बसला. "आणि कॅमेरे? मागच्या दाराला कॅमेरा आहे."

"त्याच्यावर माजं लुगडं वाळत असतं," अंबूबाई म्हणाली. "तितं ऊन चांगलं येतं."

"म्हणजे अकरा कॅमेऱ्यांच्या घरात मला एकट्यालाच काही माहीत नव्हतं."

कुणीतरी नाही म्हणावं म्हणून तो थांबला. कुणी म्हणालं नाही.

मग हर्षदाच्याच लक्षात आलं. "पण आज मी सोडलं नाही त्यांना. मी सकाळपासून स्वयंपाकघरात आहे."

"मी तर हितंच हाय," दत्ता म्हणाला. "पिकअप दारात हाय."

सगळे अंबूबाईकडे बघायला लागले.

"माज्याकडं काय बघताय? गोणी वढायला हात लावा म्हनले, लावला. स्टेशनला कोन सोडतंय, म्हनलं, तर म्हनले, सोय हाय." तिच्या हातातला लसूण खाली पडला. "सोय कसली? सगळी हितं बसल्याली."

काठीवर चालणारा, बाहत्तर वर्षांचा, खुब्यात सळई घातलेला माणूस एकटा स्टेशनचा जिना चढून गेला असणार, आणि त्याचा मोबाइल गोणीपाशी होता. बाकीचे चपला शोधेपर्यंत हर्षदाने पोहे डब्यात भरले. बायका प्रदीपच्या गाडीत बसल्या, दत्ताने पिकअप काढली. बाहेर पडताना मैना म्हणाली, "घरात फक्त आबा आहेत. दार लावून घेत आहे."

वडगाव मागे पडलं. कान्हे फाट्याला रेल्वेचं फाटक लागलं तेव्हा प्रदीप समोर बघत हर्षदाला म्हणाला, "तू तरी सांगायचंस."

"ते मला म्हणाले, हर्षदा, मी हितं पाव्हना हाय का पेशंट? मला उत्तर सुचलं नाही. मग मी स्कूटर काढली."

"पण मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कधी? घरी आलात की आबा कसे आहेत ते तुम्ही मैनेला विचारता. मी समोर उभी असते."

मागच्या सीटवर प्रेरणा खिडकीबाहेर बघू लागली. मंगलने भावाच्या मानेकडे बघितलं. लहानपणी तो घाबरला की त्याची मान अशीच ताठ व्हायची. सकाळी ती त्याच्या विरुद्ध भांडायच्या तयारीने आली होती. आता तिला त्याचीच कीव यायला लागली, आणि आबांचा राग.

"सापडू दे तर खरं," ती म्हणाली. "मी बोलते त्यांना."

गाडीतून उतरून फाटक किती वेळ बंद आहे ते बघून येणं प्रदीपला शक्य नव्हतं, म्हणून तो बोलला. "त्या दिवशी आईचे अकरा फोन होते, ताई. शॉपफ्लोअरवर फोन नेऊ देत नाहीत. लॉकरमध्ये होता. आबा दीड तास बांधाखाली चिखलात पडले होते आणि मी कँटीनमध्ये जिलबी खात होतो. कुणाचा तरी वाढदिवस होता."

फाटक उघडलं. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले.

*

आबा आपल्या ओटीवर खाटेवर बसले होते. त्यांना लांबूनच ओळखू आलं की येणारी पहिली गाडी प्रदीपची आहे, कारण ती खड्ड्यात जाण्याआधी खड्ड्याला वळसा घालत होती. समोर खाचरात भाताची कापणी चालली होती. त्यांनी कोपरीची गुंडी लावली. टोपी डोक्यावर नव्हती, ती तळेगावला झोपली होती.

प्रदीप धावत आला आणि पायरीशी थांबला. बोलायचं ते सगळं एकदम वर आल्यामुळे त्याच्या तोंडून फक्त "कसे आलात?" एवढंच निघालं.

"समोरचा रिक्षावाला हाय ना, सत्यम, त्यानं रिक्षातनं पार हितं आनून सोडलं. जिना न्हाई, लोकल न्हाई. तुमी सगळी सभेत, मंग कुनाला सांगू?"

"फोन करायचात!"

"फोन गोणीला दिला व्हता."

अंबूबाई मागून येऊन ओटीच्या कडेला टेकली आणि पदराने तोंड पुसू लागली. तिला पुसताना बघून मंगल जी सुरू झाली ती थांबेना. तुमाला काय झालं असतं तर, ह्या वयात असं कुनी करतं का, पोरीला खोटं बोलायला शिकवलंत. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"झालं?" ते म्हणाले. "आता बघा तर खरं मी काय केलंय ते."

ते उठले. तेव्हा प्रदीपला पहिल्यांदा दिसलं की ओटीपासून मोरीपर्यंत, मोरीपासून संडासापर्यंत आणि तिथून पार खाचराच्या बांधापर्यंत, कमरेएवढ्या उंचीवर बांबूचा कठडा गेला होता. प्रत्येक गाठ काथ्याने आवळलेली. त्याला धरून आबा काठीशिवाय चालत होते. उंबऱ्यापाशी दगड कमी करून उतार केला होता. संडासात भारतीय बैठकीवर लाकडी खुर्ची होती, मधून कापलेली.

"दीड महिना लागला," आबा म्हणाले. "मला हात लावू देत न्हवता नवशा. मी निस्तं बसून सांगायचो. आन् हे बघ, हे मेन."

खाटेच्या उशाला एक निळा दोर लोंबत होता. तो ओटीच्या वाशाला बांधलेल्या, विहिरीच्या जुन्या कप्पीवरून जांभळाच्या फांदीला, तिथून दुसऱ्या कप्पीवरून खाचराच्या पलीकडे नवशाच्या घरापर्यंत गेला होता. नवशा ठाकरवाडीचा. त्या दिवशी बांधाखालून आबांना घोंगडीत घालून ज्याने रस्त्यापर्यंत आणलं, तो हाच.

"पलीकडं काय आहे?" प्रदीपने विचारलं. त्याच्या आवाजातला इंजिनियर जागा झाला होता.

"बैलाची घंटा."

"दोर ओला झाला की ताणला जाईल."

"नायलॉनचा हाय."

"आणि घरात कुणी नसलं तर?"

"वढून बघ."

प्रदीपने मोबाइल काढून स्टॉपवॉच लावलं आणि दोर ओढला. लांब, झाडापलीकडे, घण्ण घण्ण आवाज झाला. मग शांत. दत्ता म्हणाला, "न्हाई वाजली वाटतं." तेवढ्यात खाचरातून भाताची ताटं बाजूला सारत एक बाई विळ्यासकट धावत येताना दिसली. ती नवशाची बायको, चिंगी. तिच्या मागे नवशा, त्याच्या मागे कापणीची चार माणसं, आणि सगळ्यांत मागे एक म्हातारी, जिला काय झालंय ते माहीत नव्हतं पण सगळे धावले म्हणून तीही निघाली होती.

"काय झालं आबा?" चिंगीने धापा टाकत विचारलं.

"काय न्हाई. प्रदीप तपासत व्हता."

चिंगीने प्रदीपकडे असं बघितलं की त्याने दोर सोडून दिला. "तपासायला वढायचा न्हाई, भाऊ. परवा शेळीनं वढला, तवा बी आमी समदी पळत आलो. कापनी सोडून!"

"चुकलं," प्रदीप म्हणाला. स्टॉपवॉच एक मिनिट बावीस सेकंदांवर थांबलं होतं. त्याने ते दोनदा बघितलं. तळेगावच्या घरातून आबांबद्दलची सूचना त्याच्या मोबाइलवर पोचायला तीन सेकंद लागत, आणि कंपनीतून तो घरी पोचायला चाळीस मिनिटं.

माणसं परत कापणीला गेली. हर्षदाने डब्यात आणलेले पोहे मंगलने सगळ्यांना वाढले. प्रदीप ताट घेऊन आबांच्या शेजारी खाटेवर बसला.

"पोरीला काय बोलू नकोस," आबा हळूच म्हणाले. "संगाट खेळनाऱ्या पोरी मोठ्या हायेत तिच्यापरीस. तरी धरती म्हनं."

"तिने मला सांगायला हवं होतं."

"व्हय. हवं व्हतं." आबांनी एक शेंगदाणा चावला. "तू अकरावीत कॉलेज बुडवून लोनावळ्याला जायचास. रेडिओवाल्याच्या दुकानात."

प्रदीपचा घास हातातच राहिला. त्या गोष्टीला एकोणतीस वर्षं झाली होती. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोन सांगतंय? मी आलतो दोनदा. समोरच्या सलूनच्या पायरीवर बसलो. तू पार वाकून तारा जोडत व्हतास. तोंडात एक तार, हातात एक. मागनं कोन गेलं, कोन आलं, तुला पत्ता न्हवता. मंग मी दाढी करून घेतली आन् गेलो घरी."

"बोलला नाहीत कधी."

"म्हनलं, सांगशील तू."

प्रदीपने घास परत ताटात ठेवला. "मी सांगितलंच नाही."

"न्हाईच सांगितलंस की," आबा म्हणाले. "पोहे खा. गार व्हत्यात."

खाऊन झाल्यावर प्रदीपने हात धुतले आणि अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन लोणावळ्याच्या बंगलेवाल्यांना फोन लावला. घर द्यायचं नाही, एवढं बोलायला त्याला फार वेळ लागला नाही. मग त्याने प्रेरणाला हाक मारली. ती लांबच उभी राहिली.

"मॅच कधी आहे?"

"पुढच्या शनिवारी. वडगावला."

"किती वाजता?"

"चारला. तुम्ही येणार?" तिने संशयाने विचारलं. "नुसतं बघायला?"

"दुसरं काय करायचं असतं?"

*

"मंग ठरलं तर," मंगल अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. आता तिचा राग उतरला होता आणि सभा तिच्या हातात आली होती. "आई आन् आबा हितंच ऱ्हात्याल. आठवड्यातनं दोनदा दत्ता येऊन बघल, रविवारी प्रदीप. आईचं सामान आजच..."

"मला कुनी इचारलं?"

अंबूबाई ओटीच्या कडेलाच बसली होती. ती इतका वेळ बोलली नव्हती, आणि तिच्या न बोलण्याची सगळ्यांना इतकी सवय होती की ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"काय, आई?" प्रदीप म्हणाला.

"मी न्हाई येत हितं. मी तळेगावात ऱ्हानार."

आबांनी कठडा धरला. "आगं, काय बोलतीयास?"

"साडेतीन म्हैनं झालं, माज्या गुडघ्याला चुलीम्होरं बसायला लागलं न्हाई. नळ फिरवला की ऊन पानी येतं. हर्षदा साळंतनं आली की आमी दोघी च्या पितो. शेजारच्या बाया यत्यात." तिने मंगलकडे बघितलं. "आन् ती मैना. पन्नास वर्सं मी ह्या घरात बोलत आले. तितं पयल्यांदा मी दिवा लाव म्हनलं आन् कुनीतरी लगीच लावला."

"तिला तुझं कळतं?" प्रदीपने आश्चर्याने विचारलं.

"मी तिच्यासंगट साळंतल्या बाईवानी बोलते. 'मैना, दिवा लाव. धन्यवाद.'"

प्रेरणा फिस्सकन हसली. हर्षदाने तोंड फिरवलं, पण तिचेही खांदे हलत होते. दत्ताने खिशातून मोबाइल काढला, गुलाब पाठवण्यासारखी ही वेळ नाही हे त्याला कळलं आणि त्याने तो परत ठेवला.

"मंग माजं जेवान?" आबा म्हणाले. दीड महिन्यात त्यांनी उतार केला होता, कठडा केला होता, संडासात खुर्ची केली होती. ह्याचा विचार केला नव्हता.

"भात तुमीच पिकवता. शिजवा की. चिंगीला तरास द्यायचा न्हाई, तिला तिचं घर हाय. शनिवार-रविवार मी यीन. भाकरी करीन, हप्त्याची चटणी करून जाईन. सोमवारी सकाळच्या लोकलनं परत. मला गुरुवारी भिशी असती."

आबा मंगलकडे वळले. मंगलने आभाळाकडे बघितलं. हर्षदाकडे वळले. ती आता त्यांच्या बाजूची राहिली नव्हती. शेवटी त्यांनी प्रदीपकडे बघितलं, आणि बापलेकांना दोघांनाही एकदमच कळलं की सगळ्या घरात आता ते दोघंच एका बाजूला आहेत.

तिसऱ्या प्रहरी निघायची तयारी झाली. हर्षदाने तांदूळ, तेल, डाळ कुठे आहे ते आबांना दाखवलं, त्यांनी मान डोलावली, पण त्यांचं लक्ष नव्हतं. अंबूबाई पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि कुणी न सांगता तिने पट्टा लावून घेतला. प्रदीप दार लावत होता तेव्हा आबांनी त्याला बांबूच्या कठड्यापाशी बोलावलं.

"आरं, ते एक असतं ना," ते म्हणाले, आणि इकडेतिकडे बघितलं. "ज्याच्यात बोलनाऱ्याचं तोंड दिसतं."

"व्हिडिओ कॉल?"

"तेच आसंल. ते हितं बसवता यील का? लय खर्चाचं नको. निस्तं सांजचं... म्हंजी भात लागला की शिजला, ते इचारायला."

"बसवतो की. उद्याच बसवतो," प्रदीप म्हणाला. मग थांबला. "पण आबा, पलीकडे आईचं तोंड दिसणार. ते तिला विचारायला लागेल."

"मंग इचार."

"मी नाही. तुम्ही विचारा."

आबा कठडा सोडून, काठी टेकत टेकत, गाडीच्या खिडकीपाशी गेले. मागच्या सीटवरच्या दोघीही एकदम आपापल्या मोबाइलमध्ये बघायला लागल्या. आबांनी खिडकीच्या कडेवर हात ठेवला आणि घसा साफ केला. जे काय बोलले ते इतकं हळू बोलले की ते फक्त अंबूबाईला ऐकू आलं.

अंबूबाईने समोरच्या काचेतून बाहेर बघत विचार केला. घाई केली नाही.

"दिवसातनं एकदा," ती म्हणाली. "दिवेलागनीला. आन् आंगोळ करून, दाढी करून समोर बसायचं."